बोर्डावरचा गोंगाट ले-आउटच्या टेबलावरच थांबवावा लागतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इलेक्ट्रॉनिक्स उद्योगावर आपल्या दैनिकात सध्या बरंच लिहून येतंय. सेमीकंडक्टरचे कारखाने, केंद्रीय मंत्रिमंडळानं मार्च २०२५ मध्ये मंजूर केलेली २२,९१९ कोटी रुपयांची सुट्या भागांची योजना, त्या योजनेत मल्टिलेयर पीसीबीचा (म्हणजे चिपा जोडणाऱ्या, तांब्याच्या रेघांचे अनेक थर असलेल्या बोर्डांचा) समावेश, या सगळ्याची कात्रणं मी जपून ठेवते. मी भोसरीत पीसीबी ले-आउटचं, म्हणजे बोर्डावरचे पार्ट आणि रेघा (ट्रॅक) यांची मांडणी आखण्याचं काम करते आणि ही योजना आमच्या धंद्याच्या फार जवळची आहे. पण या लेखांमध्ये एक प्रश्न मला कुठेच दिसला नाही. तांब्याचे बोर्ड उद्या इथे बनतील. त्या बोर्डावरची कुठली रेघ कुठून न्यायची, हे जाणणारी माणसं आपण कुठे तयार करतोय?

हे न जाणण्याची किंमत काय असते, ते एका कार्डावरून सांगते.

चाकणच्या एका मशीन बनवणाऱ्या कारखान्याचं कंट्रोल कार्ड माझ्याकडे आलं होतं. ले-आउट दुसरीकडे झालेलं. टेबलावर कार्ड उत्तम चालायचं, मशीनवरही चालायचं. फक्त ईएमसीच्या चेंबरमध्ये, म्हणजे उपकरण किती रेडिओ-गोंगाट करतं ते मोजणाऱ्या बंदिस्त खोलीत गेलं की रेडिएटेड एमिशनला, म्हणजे हवेत पसरणाऱ्या गोंगाटाच्या चाचणीला, फेल. अ‍ॅनालायझरच्या आलेखावर तीन रेषा मर्यादा ओलांडून उभ्या होत्या : १५०, २५० आणि ३५० मेगाहर्ट्झ. हे काम करणाऱ्या माणसाला एवढे आकडे पुरतात. तिन्ही ५० चे विषम पट, आणि चौकोनी सिग्नलमध्ये विषम पटच ठळक असतात; म्हणजे बोर्डावर कुठेतरी ५० मेगाहर्ट्झचं चौकोनी क्लॉक (चिपांना ताल देणारा सिग्नल) आहे आणि तेच बाहेर पडतंय. कार्डावर इथरनेट होतं. प्रोसेसर आणि इथरनेटची चिप यांच्यात आरएमआयआय नावाची जोडणी असते आणि तिचं रेफरन्स क्लॉक नेमकं ५० मेगाहर्ट्झचं असतं.

माझ्याकडे येईपर्यंत त्या लोकांनी बरेच उपाय करून पाहिले होते. केबलींवर गोंगाट अडवणारे फेराइटचे क्लॅम्प चढवले होते. डब्याच्या फटींना तांब्याची टेप लावली होती. एक अ‍ॅल्युमिनियमचं झाकण मुद्दाम बनवून घेतलं होतं. दर खेपेला चेंबरचं भाडं भरायचं, कार्ड आणि माणसं गाडीत घालून पाठवायची, आणि एखादी रेषा जरा खाली आली म्हणून हायसं वाटावं तोवर केबल थोडी सरकली की ती पुन्हा वर यायची. ऑर्डर अडकलेली, कामगारांचे दिवस वाया चाललेले, आणि कार्डात ‘चूक’ तर काहीच सापडत नव्हती, कारण स्कीमॅटिक, म्हणजे जोडण्यांचा आराखडा, अगदी बरोबर होतं.

गर्बर फाइल, म्हणजे बोर्डाच्या प्रत्येक थराचा (लेयरचा) नकाशा, उघडून मी बाकी सगळे लेयर बंद केले आणि फक्त दुसरा लेयर चालू ठेवला. कारण लगेच समोर आलं. ग्राउंड प्लेनचे, म्हणजे करंट परत येण्यासाठी ठेवलेल्या तांब्याच्या सपाट थराचे, दोन तुकडे केले होते. एका बाजूला डिजिटल ग्राउंड, दुसऱ्या बाजूला सेन्सरच्या ४-२० मिलिअँपिअर इनपुटांसाठी अ‍ॅनालॉग ग्राउंड, मध्ये दोन मिलिमीटरची मोकळी फट, आणि दोन्ही तुकडे लांब पॉवर सप्लायपाशी एका फेराइट बीडनं जोडलेले. वरच्या लेयरवरून ते ५० मेगाहर्ट्झचं क्लॉक ही फट सरळ ओलांडून गेलं होतं.

आता यात बिघडलं काय, ते आपल्या वाचकांनाही समजेल असं सांगते. सर्किट पूर्ण झाल्याशिवाय करंट वाहत नाही, हे आपण शाळेत शिकतो. जो करंट ट्रॅकमधून गेला तो कुठून तरी परत आलाच पाहिजे. डीसी करंट परत येताना कमीत कमी रेझिस्टन्सचा रस्ता धरतो, म्हणजे ग्राउंडच्या सगळ्या तांब्यात पसरून येतो. पण काही शे किलोहर्ट्झच्या वर गेलं की इंडक्टन्सचं, म्हणजे बदलत्या करंटला होणाऱ्या विरोधाचं, राज्य सुरू होतं. तिथे करंट ट्रॅकच्या बरोबर खालून, ट्रॅक जिथे वळेल तिथे वळत परत येतो. जाणारा आणि येणारा असे दोन्ही करंट एकमेकांना खेटून चालतात, त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि बाहेर फार काही पडत नाही. खाली फट आली की परतीचा रस्ता तुटतो. ओढ्यावरचा पूल वाहून गेल्यावर एसटी चार गावं फिरून येते, तसा हा करंट फटीच्या टोकाला वळसा घालून, त्या लांबच्या फेराइट बीडमधून येऊ बघतो. जाण्याचा आणि येण्याचा रस्ता यांच्यामध्ये मोठं रिंगण तयार होतं. ते रिंगण म्हणजे अँटेना. शिवाय फटीच्या दोन काठांमध्ये व्होल्टेज उभं राहतं, आणि अ‍ॅनालॉग तुकड्याला जोडलेल्या मीटर-दोन मीटरच्या सेन्सर केबली ते व्होल्टेज घेऊन हवेत फेकतात. म्हणूनच केबल हलली की रेषा हलायची.

आम्ही ती फट भरून टाकली. ग्राउंड एक आणि सलग ठेवलं. वाटणी केली ती पार्टची : अ‍ॅनालॉग भाग कनेक्टरजवळच्या कोपऱ्यात, इथरनेट आणि प्रोसेसर त्यापासून लांब. क्लॉकचा ट्रॅक आखूड केला आणि क्लॉक जिथून निघतं त्या पिनला चिकटून ३३ ओहमचा एक रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला. पुढच्या खेपेला त्याच चेंबरमध्ये, फेराइट काढून आणि ते झाकण न लावता, तिन्ही रेषा मर्यादेखाली होत्या. मालात वाढलेला खर्च एका रेझिस्टरचा.

ग्राउंडचे दोन भाग करायचे आणि एकाच ठिकाणी जोडायचे, हा नियम कमी वेगाच्या मोजमापाच्या सर्किटांमधून आलाय. त्या काळी तो वावगा नव्हता. आजही मेन्स आणि लो-व्होल्टेज यांच्यात, किंवा रुग्णाला जोडल्या जाणाऱ्या भागात, सुरक्षिततेसाठी ग्राउंड खरोखर वेगळं ठेवावंच लागतं. पण तिथे फटीवरून ऑप्टोकपलर, आयसोलेटर किंवा ट्रान्सफॉर्मर असे दोन्ही बाजू वेगळ्या राखणारे पार्टच जातात, उघडा ट्रॅक कधीच नाही. हा फरक सांगितला जात नाही. मुलं मुलाखतीला येतात तेव्हा मी त्यांना एकच बोर्ड दाखवते आणि विचारते, हा करंट परत कुठून येतो? पदविका झालेली, पदवी झालेली, चांगल्या मार्कांची मुलं ग्राउंडच्या चिन्हाकडे बोट दाखवतात. त्यांचा दोष नाही. त्यांना हा प्रश्न याआधी कुणी विचारलेलाच नसतो.

मला हमखास ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे, ‘मॅडम, आमचं क्लॉक पंचवीस मेगाहर्ट्झचंच आहे, आम्हाला हायस्पीडचं काय?’ वेग क्लॉकमध्ये नसतो, तो काठात असतो. सिग्नल शून्यावरून एकवर किती झपाट्यानं चढतो, यावर सगळं ठरतं. ०.३५ ला चढायच्या वेळेनं भागा. एका नॅनोसेकंदात चढणाऱ्या सिग्नलमध्ये साधारण ३५० मेगाहर्ट्झपर्यंतचा ऐवज असतो, क्लॉक मग एक मेगाहर्ट्झचं का असेना. आपल्या नेहमीच्या एफआर-४ बोर्डात सिग्नल एका नॅनोसेकंदात जेमतेम १५ सेंटिमीटर जातो. चढायच्या वेळेच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा ट्रॅकचा प्रवास जास्त झाला की तो ट्रॅक साधी तार राहत नाही, त्याच्या टोकाकडून सिग्नल उलटा फिरायला लागतो. एक नॅनोसेकंदाच्या काठासाठी ही मर्यादा आहे अडीच सेंटिमीटर. अडीच सेंटिमीटर! अंगठ्याच्या पेराएवढं अंतर. त्याच्या पुढे टर्मिनेशनचा, म्हणजे उलटा फिरणारा सिग्नल शोषणाऱ्या रेझिस्टरचा, विचार करावाच लागतो, नाहीतर ऑसिलोस्कोपवर प्रत्येक काठाच्या मागे रिंगिंगची, म्हणजे हेलकाव्यांची, शेपटी दिसते.

२०२१ च्या सुमारास चिपांचा दुष्काळ पडला होता, तेव्हा याचा अनुभव आमच्या भागातल्या अनेकांनी घेतला. नेहमीचा पार्ट मिळेना म्हणून त्याच पिनांचा, त्याच कामाचा दुसरा पार्ट लावला. कागदावर तो जास्त चांगला, म्हणजे जास्त वेगवान. आणि वर्षानुवर्षं निमूट चाललेली कार्डं अधूनमधून हँग व्हायला लागली. लोक सॉफ्टवेअरवाल्यांच्या मागे लागले. खरं तर जुन्या चिपचा काठ सावकाश होता म्हणून ते ले-आउट तगून होतं. नव्या चिपनं त्यातली उणीव उघडी केली.

लेयरच्या बाबतीतही लिहिलं पाहिजे, कारण पैसे तिथेच ‘वाचवले’ जातात. ‘दोन लेयरमध्ये बसव’ असा निरोप मालकाकडून येतो आणि ले-आउट करणारी मुलगी रात्री जागून बसवते. ट्रॅक बसतातही. पण १.६ मिमी जाडीच्या दोन लेयरच्या बोर्डात ट्रॅक वर आणि ग्राउंड खाली, मध्ये जवळजवळ सगळी जाडी. तिथे ५० ओहम इम्पीडन्सचा (धावत्या सिग्नलला जाणवणाऱ्या विरोधाचा) ट्रॅक हवा असेल तर तो तीन मिलिमीटर रुंद काढावा लागेल. एवढी जागा कुठल्या कार्डावर असते? नेहमीच्या चार लेयरच्या बोर्डात वरचा ट्रॅक आणि त्याखालचं ग्राउंड यांच्यात ०.२ मिमीच्या आसपास अंतर राहतं, आणि तेच ५० ओहम साधारण ०.३५ ते ०.४ मिमी रुंदीत मिळतात. क्रॉसटॉकचंही तसंच. शेजारी-शेजारी धावणारे दोन ट्रॅक मध्यापासून मध्यापर्यंत अर्ध्या मिलिमीटरवर असतील, तर ढोबळ सूत्रानं एकाचा दुसऱ्यावर पडणारा प्रभाव दोन लेयरच्या बोर्डात चार लेयरच्या सहापटीहून जास्त येतो. ट्रॅक तेच, अंतर तेच, फक्त ग्राउंड लांब गेलं. चार लेयरसाठी लागणारा जादा खर्च मालकाला बिलात दिसतो. चेंबरच्या खेपा, परत आलेला माल आणि साइटवर पाठवलेला इंजिनिअर हे मात्र वेगळ्या खात्यात जातं, म्हणून कुणी दोन्हींची बेरीज करत नाही.

डिकपलिंग कपॅसिटरबद्दल, म्हणजे चिपला ऐनवेळी जवळून करंट पुरवणाऱ्या कपॅसिटरबद्दल, थोडक्यात. प्रत्येक चिपपाशी १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर लावतात, पण तो कसा जोडला हे बघत नाहीत. लांब, बारीक ट्रॅकनं जोडला की त्याला इंडक्टन्सची शेपटी लागते. एकच नॅनोहेन्री धरला तरी सोळा मेगाहर्ट्झच्या आसपास तो कपॅसिटर रेझोनन्सला येतो आणि त्यापुढे कॉइलसारखा वागतो. व्हाया, म्हणजे दोन लेयर जोडणारं भोक, पॅडला चिकटून हवा, आणि खाली ग्राउंड जवळ हवं. पुन्हा तेच ग्राउंड.

चिप बनवणाऱ्या कंपन्या नमुन्याचं ले-आउट देतात, ते उतरवून काढण्याची पद्धत इथे सर्रास आहे. उतरवण्यात गैर काही नाही. पण नमुना सहा लेयरचा असतो आणि उतरवलेला बोर्ड चार लेयरचा. यूएसबीची जोडी ९० ओहमची, इथरनेटची १०० ओहमची असायला हवी. नमुन्यातली रुंदी जशीच्या तशी घेतली आणि आतली जाडी वेगळी निघाली, तर ओहम आपोआप वेगळे येतात. बोर्ड बनवणाऱ्याला ‘स्टॅकअप (थरांची रचना आणि जाडी) काय देणार?’ असं आधी विचारणारे ग्राहक फार कमी असतात, हे मला बोर्ड बनवणारेच सांगतात.

हे सगळं फक्त आमच्या धंद्यापुरतं आहे, असं कृपया समजू नये. अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेनं १९७९ साली संगणकासारख्या उपकरणांच्या रेडिओ-गोंगाटावर बंधनं घातली, तेव्हा तक्रार सामान्य माणसांचीच होती. संगणक चालू केला की टीव्हीवर मुंग्या येत होत्या. युरोपात ईएमसीची पूर्तता १९९६ पासून सक्तीची आहे. आपल्याकडे तर जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे, रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. रेडिओ-गोंगाट कमी असलेली जागा म्हणून ती तिथे आली. आज ती साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झच्या दरम्यान आकाश ऐकते. चाकणच्या त्या कार्डाच्या तिन्ही रेषा, १५०, २५० आणि ३५०, याच टप्प्यात येतात. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेले, कल्पनेपलीकडे क्षीण असे सिग्नल टिपणारं यंत्र आपल्या जिल्ह्यात आहे, आणि आपल्याच जिल्ह्यातले कारखाने त्याच टप्प्यात ओरडणारी कार्डं बनवतात, हे मला मनापासून लागतं. रुग्णालयातले इन्फ्युजन पंप, विजेवरच्या स्कूटरचे कंट्रोलर, शेतातल्या पंपाचे ड्राइव्ह या सगळ्यांत असेच बोर्ड असतात आणि ते एकमेकांच्या शेजारी चालायचे असतात.

माझी पहिली विनंती तांत्रिक शिक्षणाची धोरणं ठरवणाऱ्यांना आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेत प्रत्येक विद्यार्थ्यानं निदान एक चार लेयरचा बोर्ड स्वतः आखून, बनवून घेऊन, मोजून बघावा. सॉफ्टवेअरचा खर्च ही अडचण राहिलेली नाही. किकॅड हे ले-आउटचं सॉफ्टवेअर फुकट आहे. १९९२ साली ग्रेनोबलच्या एका प्राध्यापकानं ते सुरू केलं, पुढे सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेनं त्याला हातभार लावला आणि आज त्यावर व्यावसायिक बोर्ड निघतात. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पानं त्याच्याच आधारानं ई-सिम हे सर्किट आखून तपासण्याचं सॉफ्टवेअर तयार केलंय. साधनं हाताशी आहेत. फक्त मास्तरांना हा विषय माहीत हवा, म्हणून पहिली शिबिरं मुलांची न घेता शिक्षकांची घ्यावीत.

दुसरी विनंती औद्योगिक संघटनांना. प्रमाणपत्रासाठीचं अंतिम टेस्टिंग चेंबरमध्येच होणार. पुण्यात एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडे, नवी मुंबईत समीर या सरकारी संशोधन संस्थेकडे तशी सोय आहे. पण चेंबर ही चूक शोधायची जागा नव्हे. प्रत्येक वसाहतीत संघटनेच्या कार्यालयात एक साधा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, काही निअर-फील्ड प्रोब (बोर्डाजवळ धरून गोंगाट शोधायची साधनं) आणि एक लिसन (वीजपुरवठ्याच्या तारांतला गोंगाट मोजायचं साधन) ठेवलं, आणि ते तासावर वापरायला दिलं, तर लहान कारखानदार आपलं कार्ड तिथे बसून आधीच तपासू शकेल. कुठल्याही एका कारखान्याला हे परवडत नाही, पण सगळ्यांना मिळून सहज परवडेल.

हे शिकवायला महागडी प्रयोगशाळा लागते, हा गैरसमज दूर व्हावा म्हणून मी नव्या मुलांना काय दाखवते ते लिहिते. दोन सारखे छोटे बोर्ड घेते. वर दहा सेंटिमीटरचा एकच ट्रॅक, खाली पूर्ण तांबं. ट्रॅकच्या एका टोकाला ७४एसी मालिकेचा बफर आणि ऑसिलेटर, दुसऱ्या टोकाला ५० ओहमचा रेझिस्टर. एका बोर्डाचं खालचं तांबं ट्रॅकच्या आडव्या दिशेनं, मधोमध, पण पार कडांपर्यंत न नेता, कटरनं कापून काढते. मग को-अ‍ॅक्स केबलच्या टोकाची आतली तार वळवून बाहेरच्या जाळीला सोल्डर करते, झाला प्रोब. त्याचं दुसरं टोक ऑसिलोस्कोपला. अखंड बोर्डावरून हे कडं फिरवलं की सिग्नल फक्त ट्रॅकच्या जवळ दिसतो, जरा बाजूला सरकलं की संपतो. कापलेल्या बोर्डावर कडं फटीच्या कडेनं न्यायचं. ट्रॅकपासून तीन-चार सेंटिमीटर लांब, जिथे वर एकही ट्रॅक नाही, तिथेही स्क्रीनवर काठ उड्या मारताना दिसतात. मुलं हातातलं कडं मागेपुढे नेऊन खात्री करून घेतात, मग बोर्ड उलटा करून कापलेली फट बघतात. त्यानंतर ‘करंट परत कुठून येतो’ हा प्रश्न मला विचारावा लागत नाही, ते स्वतःच पुढच्या बोर्डावर ट्रॅकखाली बोट फिरवत जातात.

पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव किंवा नारायणगाव भागातल्या कुठल्याही तंत्रनिकेतनाला हा प्रयोग बघायचा असेल, तर आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं. दोन्ही बोर्ड आणि प्रोब मी घेऊन येईन, मानधन नको. तिथे १०० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप आणि पाच व्होल्टचा सप्लाय असावा. आणि शक्यतो शनिवार असावा, बाकीचे दिवस ले-आउटचे.

आपली,
पीसीबी ले-आउट करणारी एक नियमित वाचक,
भोसरी, पुणे